गाडी परत आली, पंत

सोलापूर
रविवार, रात्र

प्रिय पंत,

पाच महिन्यांत पत्र नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. रागावला असशील, बरोबरच आहे. माझी तब्येत बरी, आईचा गुडघा आहे तसाच. आता मूळ गोष्ट ऐक, कारण दुसऱ्या कुणाला सांगितली की 'एवढं काय मनाला लावून घेतोस' हेच ऐकायला मिळतं.

जूनमध्ये होटगी रोडला, आसरा चौकाच्या अलीकडं, गाडी न्यूट्रलला गेली ती परत गिअरच घेईना. मागं हॉर्नवर हॉर्न. मी पायाला आधार देणारा कॅलिपर लॉक करून उतरेपर्यंत दोघा रिक्षावाल्यांनी ती कडेला लावलीसुद्धा. शोरूमवाल्यांनी निदान केलं, क्लच अॅक्च्युएटर गेला. माझ्या गाडीत क्लचचं पेडल नाही, ते काम हा भाग करतो. खर्च 58,000. गाडीला अडीच वर्षं झालेली, वॉरंटी तीन वर्षांची, म्हणून मी निर्धास्त होतो. तेवढ्यात तिथल्या पोरानं दार उघडलं, ब्रेक आणि अॅक्सिलरेटरला जोडलेला माझा हाताचा दांडा बघितला आणि म्हणाला, "सर, गाडी मॉडिफाय केलेली आहे. वॉरंटी बसत नाही."

मॉडिफाय! बे पंत, माझ्या तीनचाकी सायकलला हाताचा ब्रेक कुणी बसवला होता? नानांच्या दुकानात, भंगारातल्या सायकलचा दांडा कापून, तूच ना? वेल्डिंगचे रॉड वाया घालवले म्हणून नानांनी तुला तिथंच झोडपलं होतं. तो दांडा नि हा दांडा माझ्यासाठी एकच आहे. लोक हौसेनं सायलेन्सर बदलतात, रुंद टायर घालतात, त्या यादीत यानं माझा पाय नेऊन बसवला.

मी शांतपणे समजावलं. दांडा पेडल दाबतो, गिअरबॉक्सला शिवतही नाही. वायर एकही कापलेली नाही. आरटीओत तपासणी होऊन आरसीवर नोंद आहे. कायद्यात पूर्वी अशा गाडीला 'इन्व्हॅलिड कॅरेज' म्हणायचे, 2019 च्या दुरुस्तीनं 'अडॅप्टेड व्हेइकल' केलं, आणि कलम 52 मध्ये अपंगासाठी असा बदल करायला मुभा आहे. मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी मायेनं विचारलं, "सर, त्यापेक्षा ड्रायव्हर का ठेवत नाही?"

त्या रात्री जेवलो नाही. तुझ्यावरचा जुना राग उफाळून आला बघ. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज दिसावेत म्हणून तू मला न विचारता खांद्यावर घेतलं होतंस आणि मी महिनाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. तू अजून म्हणतोस, त्यात काय चुकलं. विचारायचं होतंस, माझं आजही तेच म्हणणं आहे. नंदीध्वज मात्र झकास दिसले होते, हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

मग मी चिकाटी धरली. आधी शोरूमकडं नकार लेखी मागितला: कोणता भाग, स्कॅनरवर कोणता कोड, आणि दांड्यामुळं तो भाग बिघडला कसा. तोंडानं 'नाही' म्हणणारे कागदावर लिहायला तयार नव्हते. चौथ्या मेलला एका ओळीचं उत्तर आलं, त्यात कारणच नव्हतं. वॉरंटीचं पुस्तक रात्री दोनदा वाचलं. बाहेरून बसवलेल्या वस्तूमुळं झालेला बिघाड भरून मिळणार नाही, असं लिहिलंय. 'मुळं' झालेला, पंत! वस्तू बसवली म्हणून सगळी वॉरंटीच गेली, असं कुठंही नाही.

कंपनीची वॉरंटी त्यांच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपला चालते. म्हणून सात ठिकाणी फोन केले, एकच प्रश्न घेऊन. दोघांनी तिथंच नाही म्हटलं. चौघं म्हणाले, आणा, बघू. सातव्यानं, पुण्यातल्या, उलट मलाच प्रश्न विचारले: चॅसिस नंबर काय, आरसीचा फोटो पाठवा, बिघडला तेव्हा कोणता दिवा लागला? तिथंच मी ठरवलं. त्यानंच सांगितलं, सुटा भाग आणि मजुरी दोन्हीचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळवावे लागतात, जुना भाग तपासणीला ठेवावा लागतो, क्लेम फेटाळला तर भुर्दंड डीलरला. म्हणून पुष्कळ जण दांडा दिसला की हात झटकतात. यानं तसं केलं नाही. गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून पुण्याला नेली. त्यानं भाग काढला, फोटो काढले, जॉब कार्डवर 'हॅन्ड कंट्रोलचा बिघाडाशी संबंध नाही' असं लिहून सही केली. अकराव्या दिवशी क्लेम मंजूर. ते कार्ड मी लॅमिनेट करून घेतलंय.

फ्लॅटबेडचे 14,000 गेले आणि इतके महिने बँकेत रिक्षानं जाण्याचे निराळे. ते मला इथल्या शोरूमकडून हवेत. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पण मला आत्ताच करायची आहे. तोवर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवून ठेवलीय. तू म्हणशील, गाडी मिळाली ना, सोडून दे. मला सोडवत नाही. परवा आमच्याच बँकेतली एक मुलगी विचारत होती, 'दांडा बसवला तर वॉरंटी जाते ना?' तिनं अजून गाडी घेतलेलीच नाही आणि भीती मात्र आधीच बसलीय. डिसेंबरात माझीही वॉरंटी संपते. वाढीव घ्यायची आहे, पण दांड्याचं आधी लिहून घेतल्याशिवाय पैसे भरणार नाही.

सोबत तक्रारीचा मसुदा पाठवतोय. चार पानं झालीत, राग जास्त असेल तिथं कापून टाक.

तुझं कसं चाललंय? वहिनींची बदली रद्द झाली का? पोरीला दहावीचं फार टोचू नका, तुझे स्वतःचे गणिताचे मार्क मला माहीत आहेत. नानांना नमस्कार.

शनिवारी हुतात्मानं ये. आईनं शेंगाचटणी काढून ठेवलीय. स्टेशनाबाहेर रिक्षा करू नकोस, मी येतोय न्यायला.

तुझा,
बाबू