यंत्रे आली, मेळ कुठे आहे?

महोदय,

इमारतींवर सौर पॅनेल, बॅटरी, हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारे यंत्र) बसतात. पण प्रत्येकाचा कंट्रोलर वेगळा. भर दुपारी गच्चीवरची वीज ग्रिडमध्ये जाते आणि पाण्याची टाकी मात्र रात्री ग्रिडच्या विजेवर तापते, हे पाहून जीव तुटतो. २०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे ७ युनिट उष्णता लागते. चांगला हीट पंप ती अडीच युनिटच्या आसपास विजेत देतो. म्हणजे साधी टाकीसुद्धा दुपारचे ऊन साठवू शकते! उद्याचे ऊन आणि वापर यांचा अंदाज घेऊन दर काही मिनिटांनी नियोजन सुधारणारी नियंत्रणपद्धत आज उपलब्ध आहे. त्यासाठी इमारतीचे कामापुरते गणिती मॉडेलही चालते. घोडे अडते ते यंत्रे एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून. खुला प्रोटोकॉल, म्हणजे कोणत्याही कंपनीच्या यंत्राला वापरता येईल अशी संवादाची भाषा, नसलेले यंत्र इमारतीने विकतच घेऊ नये.

— एक वाचक