शाळेच्या ग्रंथपालाला वेळापत्रकात जागा द्या

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सादर नमस्कार.

मी माणदेशातल्या एका माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. पगाराचं, पदाचं आमची संघटना आपल्यापुढे मांडतेच. मला आज आमच्या कामाविषयी बोलायचं आहे, कारण ते काय असू शकतं हे शाळेतल्या शाळेतसुद्धा फार थोड्यांना ठाऊक असतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. भूगोलाच्या सरांनी तालुक्याच्या पावसाची माहिती कुठे मिळेल म्हणून विचारलं. चार दिवसांनी मराठीच्या बाई आल्या. मुलांना मुलाखतीचे प्रश्न काढायला शिकवायचे होते, नमुना हवा होता. त्याच आठवड्यात इतिहासाच्या सरांनी रोजगार हमीवरचं पुस्तक नेलं. तिघांचा वर्ग एकच, नववी ब. तिघं एकाच स्टाफरूममध्ये डबा खातात, पण कोण काय शिकवतंय याचा एकमेकांना पत्ता नव्हता. माझ्या देवघेवीच्या रजिस्टरात मात्र तिन्ही नोंदी एकाच पानावर होत्या.

मी ते पान तिघांसमोर ठेवलं. त्यातून १९७२च्या दुष्काळावरचा एकत्र उपक्रम उभा राहिला. मुलांनी घरातल्या आजी-आजोबांना प्रश्न विचारायचे, पावसाचे आकडे मांडायचे, आणि त्या काळी दुष्काळी कामांतून गावात झालेले पाझर तलाव, ओढ्यांवरचे बांध, रस्ते नकाशावर दाखवायचे. एका मुलाची आजी खडी फोडायला जायची. मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीची चव तिने सांगितली, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचं सांगितलं, आणि शेवटी नातवाचा हात आपल्या बोटावर ठेवला. हातोडीच्या घावाने ते बोट वाकडं झालेलं आहे. पोराने ते वहीत लिहिलं, शेजारी बोटाचं चित्र काढलं.

याहून जुन्या दुष्काळाचं काही सापडेल का, असं एका मुलीने विचारलं. १८८५च्या सातारा गॅझेटिअरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, १८७६-७७च्या दुष्काळाची हकिगत आहे. पण ती इंग्रजीत, आणि मी छापून आणलेली प्रत एकच. मग इंग्रजीच्या बाई स्वतःहून ग्रंथालयात येऊन बसल्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने अडलेला शब्द कोशात बघायचा, तिसऱ्याने मराठीत उतरवायचं. एरवी बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसणारी मुलं त्या एका प्रतीभोवती डोकी जोडून बसली होती. प्रत्येकाच्या हातात वेगळी प्रत असती तर हे झालं नसतं, असं मला अजून वाटतं.

साहेब, गणिताच्या शिक्षकाला गणिताचा वर्ग दिसतो, वर्गशिक्षकाला आपली तुकडी दिसते. पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी मुलं आणि सगळ्या विषयांचे शिक्षक एकाच टेबलासमोर येऊन जातात ते फक्त ग्रंथालयात. कुणाला काय हवं, कोण कुठे अडलंय, कोणत्या दोघांची गाठ घालून द्यावी, हे तिथे बसलेल्या माणसाला कळतं. पण त्यासाठी त्या माणसाला तिथे बसू द्यावं लागतं.

पुढच्या सत्रात ग्रंथालयाची तासिका कागदावरच राहिली. कोणी रजेवर असलं की बदली तासिकेवर मी. उरलेल्या वेळात शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायसची म्हणजे सरकारला दर वर्षी द्यायची शाळेची माहिती. मुख्याध्यापकांचाही नाइलाज असतो, त्यांना माणसं कुठून मिळणार?

दुसरी अडचण भीतीची आहे. माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ ग्रंथपालांना निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना हरवलेल्या पुस्तकांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरावे लागले. हे ऐकलेला माणूस कपाटाची किल्ली कमरेलाच ठेवणार. फाटणं, हरवणं हे पुस्तक वापरात असल्याचं लक्षण आहे. दर वर्षी ठरावीक प्रमाणात निर्लेखन करण्याचा, म्हणजे अशी पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचा, स्पष्ट अधिकार शाळेला द्या, कपाटं आपोआप उघडतील.

शिक्षण हक्क कायदा, २००९च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टीची पुस्तकं असावीत असं म्हटलं आहे. ग्रंथपालाचा उल्लेख तिथे नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला ग्रंथालयासाठी ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, त्यातून पुस्तकं येतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आपण २०१५पासून साजरा करतो, आणि त्या दिवशी मुलं खरंच आनंदाने वाचतात. १६ तारखेला त्यांच्या हातात पुढचं पुस्तक द्यायला कोण आहे?

माझी विनंती मोठ्या खर्चाची नाही. प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक ग्रंथालय तासिका द्या, त्या वेळी विषय शिक्षकाने मुलांसोबत ग्रंथालयात थांबावं, आणि ती तासिका बदलीसाठी वापरू नये. सत्राचं नियोजन करताना ग्रंथपालाला शिक्षकांच्या बैठकीत बसवा. जिल्हा परिषदेच्या लहान शाळांना स्वतंत्र ग्रंथपाल देणं अवघड आहे, हे मी समजू शकते. तिथे निदान केंद्रापुरता, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटाला, एक प्रशिक्षित ग्रंथपाल नेमा. तो आठवड्यातून एकदा पुस्तकांची पेटी घेऊन प्रत्येक शाळेत जाईल, आणि या शाळेच्या गुरुजींनी केलेला चांगला उपक्रम त्या शाळेच्या बाईंपर्यंत पोचवेल.

नववी बच्या मुलांची दुष्काळाची वही मी बांधून घेतली आहे. दाखल रजिस्टरात तिला क्रमांक दिला आहे, आणि यंदाच्या नववीतल्या चौघांनी ती नेऊन परतही केली आहे. आमच्या शाळेत आपण कधी आलात तर ती आपल्याला दाखवीन.

शाळांची वेळापत्रकं जूनमध्ये बसतात. तासिकेचं परिपत्रक मे महिन्यात निघालं, तर येत्या वर्षापासूनच काम सुरू करता येईल.

आपली विश्वासू,
एक अर्धवेळ ग्रंथपाल