रणदिवेबाई, कल्चर रूममधून तुमचे आभार

आदरणीय डॉ. कमल रणदिवे,
सादर नमस्कार.

१९४९ मध्ये मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ (रोगांचे अभ्यासक) खानोलकर यांच्या हाताखाली पीएचडी झाल्यावर तुम्ही अमेरिकेत बाल्टिमोरला पेशी वाढवण्यात निष्णात जॉर्ज गाय यांच्याकडे गेलात, पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवायला शिकलात आणि मुंबईत परत येऊन देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केलीत. त्या प्रयोगशाळेसाठी हे आभाराचं पत्र.

गाय यांच्याकडे तेव्हा कोंबडीच्या प्लाझ्माची गुठळी, गाईच्या गर्भाचा अर्क आणि वारेच्या रक्तातलं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) वापरत. पेशींची नळी संथ फिरत राहायची, म्हणजे पेशी आळीपाळीने द्रवात आणि हवेत यायच्या. आता मिडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, बाटलीत तयार मिळतं आणि त्यात दहा टक्के सीरम घातलं की भागतं. पेशींची निगा मात्र तितकीच कडक राहिली आहे. फ्लास्कचा तळ पेशींनी भरला की आधी सलाइनने दोनदा धुवायचा, कारण उरलेलं सीरम ट्रिप्सिनला, म्हणजे पेशी तळापासून सोडवणाऱ्या विकराला, निकामी करतं. मग ०.२५ टक्के ट्रिप्सिन, ३७ अंशांवर दोन-तीन मिनिटं. पेशी गोल होऊन सुटताना दिसल्या की लगेच सीरमवालं मिडियम घालून ते थांबवायचं. जास्त वेळ ठेवलं तर पेशीच्या पृष्ठावरची प्रथिनंही कापली जातात. मग फ्लो सायटोमेट्रीत (पेशी एकेक करून लेझरने तपासण्याच्या पद्धतीत) एखादा रिसेप्टर, म्हणजे पृष्ठावरचं संदेश घेणारं प्रथिन, दिसत नाही आणि नवा शोध लागल्यासारखं वाटतं. अशा वेळी पेशींना काही तास सावरू देऊन पुन्हा तपासणं हाच उपाय.

बुरशी किंवा साधे जीवाणू शिरले तर मिडियम गढूळ होतं, कळतं तरी. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू शिरला तर काहीच दिसत नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन चालत नाही आणि ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटतो. पेशी फक्त मंदावतात आणि महिनाभराची आकडेवारी वाया जाते. पीसीआरने (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने) नियमित तपासणी करायची आणि बाहेरून आलेला फ्लास्क वेगळा ठेवायचा, याला पर्याय नाही.

पण बाई, आमच्या मते तुमचं सर्वांत चिकाटीचं काम उंदरांवरचं. स्तनाचा कर्करोग आईकडून पिल्लांकडे आनुवंशिकतेने जातो की दुधातून, हा प्रश्न अमेरिकी शास्त्रज्ञ बिटनर यांनी १९३६ मध्ये पुढे आणला होता. त्याची परीक्षा बोलायला सोपी आणि करायला कठीण. जास्त गाठी होणाऱ्या जातीचं पिल्लू जन्मल्याबरोबर, पहिला घोट घेण्याआधी, कमी गाठी होणाऱ्या जातीच्या मादीखाली ठेवायचं. एकदा जरी ते जन्मदात्या आईचं दूध प्यालं तरी प्रयोग फुकट. नव्या आईच्या घरट्यातला भुसा पिल्लाला चोळायचा, नाहीतर ती त्याला खाऊनही टाकते. मग गाठ येते का ते पाहत वर्ष-दीड वर्ष थांबायचं.

आणि त्याआधी जात शुद्ध हवी. सख्ख्या भावंडांचा संकर सलग वीस पिढ्या चालवायचा. तीन महिन्यांची एक पिढी धरली तरी पाच वर्षं जातात. यात रोगप्रतिकारशास्त्राचा मोठा धडा आहे. उंदीर एकजिनसी नसतील तर एकाची गाठ दुसऱ्यात लावल्यावर ती परकी म्हणून नाकारली जाते, आणि गाठ औषधाने आटली असा गैरसमज होतो. आयसीआरसी (इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर) हे तुमच्या केंद्राचं नाव लावणारी उंदरांची जात म्हणूनच मोलाची.

त्याच नावाचा जीवाणू तुम्ही, तुमचे सहकारी बापट आणि खानोलकरांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णांच्या ऊतीतून वाढवल्याचं मांडलंत. त्यावरून बनलेल्या लशीने दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीत ६५.५ टक्के संरक्षण दिलं. कर्करोगाच्या केंद्रात कुष्ठरोगाचं काम कशाला, असं कुणी विचारलं असेल तर त्याचं उत्तर या आकड्यात आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या भारतीय कार-टी उपचाराला, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून रक्ताच्या कर्करोगावर करायच्या उपचाराला, मंजुरी मिळाली. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना चेतवायचं, लेंटिव्हायरसने (जनुक वाहून नेणाऱ्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूने) कर्कपेशी ओळखणारा नवा जनुक घालायचा, काही दिवस वाढवून मोजायच्या आणि परत रुग्णाला द्यायच्या. तुमचं केंद्र टाटा मेमोरियलमध्ये १९६६ सालीच सामील झालं होतं, आणि या उपचाराची सुरुवातीची चाचणी त्याच संस्थेच्या खारघरच्या आवारात झाली. पेशींची पिशवी रुग्णाकडे पाठवण्याआधी तिच्यात जंतू नाहीत, मायकोप्लाझ्मा नाही आणि पुरेशा पेशी जिवंत आहेत, हे तपासून सही करावी लागते. ती सही करताना तुमची आठवण येते.

तुमचे कृतज्ञ,
मुंबईतल्या कल्चर रूमचे आम्ही सगळे