बिनविरोध पुरस्कार मला द्यायचा नव्हता : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : सीमाभागात मराठी चित्रपट पडद्यावर पाहायला मिळण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बेळगावच्या वडगाव भागात राहतो आणि गेली अनेक वर्षे एका सोसायटीची पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करतो. दिवसभर गल्ल्यांतून दहा-वीस रुपये जमवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाचे आपल्या खात्याशी काय काम, असे आपल्याला वाटेल, म्हणून आधी माझ्या वहीविषयी लिहितो. २००४ साली मी ‘श्वास’ पाहिला आणि त्या रात्री एका जुन्या खतावणीच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवले : ‘यंदाचा उत्कृष्ट अभिनय, अरुण नलावडे, आजोबांच्या भूमिकेसाठी.’ तेव्हापासून दरवर्षी गुढीपाडव्याला, गुढी उभारून झाली की, मी सरलेल्या वर्षाचे माझे पुरस्कार लिहितो आणि घरच्यांना व गल्लीतल्या चार मित्रांना वाचून दाखवतो. वाचन संपले की कुंदा वाटला जातो. एवढाच आमचा सोहळा असतो, पण तो एकाही पाडव्याला चुकलेला नाही. आपल्या शासनाचा ६० वा आणि ६१ वा राज्य मराठी चित्रपट पुरस्कार सोहळा मात्र ५ ऑगस्ट २०२५ रोजी एकाच समारंभात उरकावा लागला, हे मी खेदाने नमूद करतो.

या पुरस्कारांचा नियम मी स्वतःच घालून घेतला आहे. चित्रपट आमच्याच जिल्ह्यातल्या चित्रपटगृहात, तिकीट काढून, लोकांबरोबर अंधारात बसून पाहिलेला असला पाहिजे. मोबाइलवर पाहिलेला चित्रपट मी वहीत धरत नाही, कारण शेजारच्या खुर्चीतला अनोळखी माणूस कुठे हसला आणि कुठे गप्प झाला, हे कळल्याशिवाय मला निर्णय करता येत नाही. ‘फॅन्ड्री’ संपल्यावर आमच्या रांगेतले कुणीही लगेच उठले नव्हते. त्या वर्षीचा सहायक अभिनयाचा पुरस्कार मी किशोर कदम यांना, त्यांच्या कचरूसाठी दिला आणि आजही त्या निर्णयात मला बदल करावासा वाटत नाही. वहीत ‘शेजारचा चित्रपट’ असा एक रकानाही आहे, तो कन्नड चित्रपटांसाठी. ‘कांतारा’च्या ऋषभ शेट्टींना मी २०२३ च्या पाडव्यालाच उत्कृष्ट अभिनेता लिहून मोकळा झालो होतो, राष्ट्रीय पुरस्कार त्यांना २०२४ साली जाहीर झाला. हे अशासाठी सांगतो की माझी तक्रार कन्नड भाषेविरुद्ध आहे, असा अर्थ कुणी काढू नये.

यंदाच्या पाडव्याला वही उघडली आणि माझा हात थांबला. ‘दशावतार’मध्ये दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी पार केलेल्या वयात जे उभे केले आहे, त्याला पुरस्कार द्यायचा हे माझे कधीच ठरले होते. पण तो कोणाच्या तुलनेत द्यायचा? ज्यांच्याशी तुलना करावी, त्या भूमिका असलेले चित्रपट माझ्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ज्युरीचा मोठा पुरस्कार मिळवणारा ‘साबर बोंडं’ मला माझ्या गावात पाहता आला नाही. काही चित्रपट आठवडाभरासाठी आले, तेही अशा वेळेला की हातावर पोट असलेला माणूस जाऊच शकत नाही. प्रभावळकरांसारख्या नटाला बिनविरोध पुरस्कार देणे हा त्यांचा अपमान आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी ‘उत्कृष्ट अभिनेता’ आणि ‘उत्कृष्ट चित्रपट’ या दोन्ही ओळी कोऱ्या ठेवल्या.

हे पत्र लिहिण्याचे कारण मात्र त्याआधी घडले. एका मंगळवारी सकाळी पावणेदहाला एका मराठी चित्रपटाचा एकच खेळ लावला होता. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, आणि चित्रपटाला जायचे म्हणून ती ठेवणीतले इरकल नेसली होती. मी सकाळची पिग्मीची फेरी सोडली, रिक्षा केली आणि तिला हाताला धरून पायऱ्या चढवून वर नेले. खिडकीवर आमच्यासह आठ तिकिटे गेली होती. थोड्या वेळाने आतून निरोप आला की प्रेक्षक कमी असल्यामुळे खेळ रद्द झाला आहे, पैसे परत घ्या. आई पायरीवरच बसली आणि तिने मला विचारले, “मग आपला खेळ कधी लावतात म्हणे?” महोदय, या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्या दिवसापासून आई चित्रपटाचे नाव काढत नाही. मी विषय काढला तरी ती म्हणते, नको, उगाच तुझी फेरी बुडते. माझे वडील गेल्यानंतर आम्हा दोघांचे एकत्र बाहेर जाणे म्हणजे एवढेच होते.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून आलेल्या एका लोकप्रतिनिधींनी आमच्या भागातल्या सभेत जाहीर शब्द दिला होता की राज्य पुरस्कार मिळालेले मराठी चित्रपट दर महिन्याला सीमाभागात दाखवले जातील. सभेनंतर मी त्यांच्या हातात दहा चित्रपटांची यादी दिली आणि त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली. त्यांपैकी एकही चित्रपट आलेला नाही. मी दोन स्मरणपत्रे पाठवली, त्यांची पोचसुद्धा मिळाली नाही.

आपल्याकडे मागणे फार मोठे नाही. मराठी चित्रपटांना आपण अनुदान देता, तेव्हा अनुदानित चित्रपट बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथे निदान एका पडद्यावर, संध्याकाळच्या वेळेला लागेल अशी तरतूद त्यातच करावी. डिजिटल प्रक्षेपणासाठी निर्मात्याला प्रत्येक पडद्यामागे शुल्क मोजावे लागते आणि लहान निर्माता म्हणूनच सीमेअलीकडचे पडदे आधी गाळतो. या थोड्या पडद्यांचे शुल्क शासनाने भरावे. कर्नाटक सरकारशीही बोलावे आणि जत-अक्कलकोटच्या कन्नड भाषकांना तिकडे चांगले कन्नड चित्रपट मिळतील असे पाहावे, म्हणजे हा व्यवहार दोन्ही बाजूंनी होईल. राज्य पुरस्कारांची नामांकने जाहीर झाली की ते चित्रपट आधी आम्हाला दाखवावेत, ही विनंती मी स्वतःच्या वहीसाठी करीत आहे, हे मान्य करतो.

पण खरे सांगायचे तर मागण्या लिहिताना माझा राग वाढतच जातो. २७ डिसेंबर २०२२ रोजी आपल्या विधिमंडळाने सीमाभागातली ८६५ गावे महाराष्ट्रात आणण्यासाठी एकमताने ठराव केला. सर्वोच्च न्यायालयातला सीमेचा दावाही २००४ चा, म्हणजे माझ्या वहीच्याच वयाचा आहे. जमिनीसाठी इतके वकील आणि इतके ठराव लागतात ते मी समजू शकतो, परंतु एका पडद्यावर संध्याकाळी सहाचा खेळ लावायला कोणत्या न्यायालयाचा निकाल हवा आहे? बेंगळुरूला आम्ही परके वाटतो आणि मुंबईला फक्त निवडणुकीच्या आणि १ नोव्हेंबरला आम्ही निषेध म्हणून पाळतो त्या काळ्या दिनाच्या सुमारास आठवतो. २०१५ साली नाट्यसंमेलन बेळगावात झाले, तेव्हा व्यासपीठावरून सीमाभागाच्या रसिकतेचे कौतुक मी कानांनी ऐकले आहे. रसिक म्हणायचे आणि त्याच्यासमोर पडदा रिकामा ठेवायचा, हा अन्याय आहे. ज्या प्रभातचे चित्रपट सगळ्या देशाने पाहिले, ती कंपनी १९२९ साली कोल्हापुरात, आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर सुरू झाली. आज चित्रपट पाहायला मला त्याच कोल्हापूरला एस. टी. ने जावे लागते, एक दिवसाची पिग्मी बुडवून, आणि आईला एवढ्या लांब नेता येत नाही.

त्या दोन ओळी मी अजून भरलेल्या नाहीत. राहिलेले चित्रपट पावसाळ्यापूर्वी बेळगावात लागले, तर मी त्या भरीन. खेळ किती वाजता आहे आणि चित्रपटगृहाला पायऱ्या किती आहेत, एवढे मात्र आधी कळवावे.

आपला नम्र,
एक पिग्मी एजंट,
वडगाव, बेळगाव.