इंजिन नवं केलं, पण स्लोला थांबत नाही : रीबिल्डच्या कामाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
इंजिन रीबिल्ड व रिस्टोरेशन

विषय : १९६९ची फियाट ११०० डिलाइट. रीबिल्ड केलेल्या इंजिनाचे आयडलिंग न लागणे, आणि बिलात लावलेले पण प्रत्यक्षात न झालेले कार्ब्युरेटरचे काम.

महोदय,

माझ्या डिलाइटचं इंजिन आपण रीबिल्ड करून दिलंत. बिल मी पूर्ण भरलं आहे आणि वॉरंटी चालू आहे. गाडी स्लोला (आयडलिंगला), म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, नीट उभी राहत नाही. ही तक्रार मी फोनवर केली, ईमेलवर केली आणि गाडी आपल्याकडे परतही पाठवली. दर वेळी एकच उपाय झाला : आपल्या मिस्त्रींनी कार्ब्युरेटरचा रेस स्क्रू, म्हणजे इंजिनाचा स्लोचा वेग वाढवणारा स्क्रू, आणखी आत घेतला आणि ‘आता बघा’ म्हणून चावी हातात दिली. आज गाडी ज्याला आपण आयडलिंग म्हणता त्यावर टॅकोमीटर लावला, तर तो मिनिटाला १४०० फेरे दाखवतो. नळ स्टॉपच्या सिग्नलला उभा राहिलो की शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे वळून पाहतो. रेस ८००च्या आसपास आणली, जिथे हे इंजिन शांत चालायला हवं, तर ते थरथरतं, मधूनच मिसिंग मारतं आणि मिनिटभरात बंद पडतं.

आधी जे चांगलं झालंय ते लिहितो. बोअरिंग, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग या कामांत मला खोट काढायची नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मी गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडून तपासून घेतलं. आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की आपल्या मशीन शॉपच्या माणसाला मी स्वतः शाबासकी द्यायला तयार आहे. ऑइल प्रेशर उत्तम आहे. सायलेन्सरमधून निळा धूर नाही. खंबाटकीचा चढ गाडी तिसऱ्या गिअरमध्ये न कुरकुरता चढते. नव्याने बोअर केलेलं इंजिन सुरुवातीला थोडं जड चालतं, रिंगा बसायला वेळ लागतो, हेही मला ठाऊक आहे. माझी सगळी नोकरी इंजिनांच्या टेस्ट बेंचशेजारी गेली, म्हणून ‘काका, जुनी गाडी आहे, ती अशीच चालणार’ हे वाक्य कृपया मला पुन्हा ऐकवू नये. ही गाडी जुनी असूनच वर्षानुवर्षं स्लोला शांत उभी राहत होती.

आता दोष कुठे आहे ते पाहू. खाली लिहिलेली प्रत्येक गोष्ट आपल्याला आपल्या वर्कशॉपमध्ये अर्ध्या तासात करून पाहता येईल, आणि ती तशी करून पाहावी अशीच माझी अपेक्षा आहे.

प्रथम मी चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून अर्थिंगला लावली. एखाद्या सिलिंडरची वायर काढूनही रेस पडली नाही, तर ते सिलिंडर आधीच काम करत नाही असं समजायचं. इथे चारही वेळा रेस सारखीच पडली. म्हणजे एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा एखादा प्लग मेलाय अशी ही भानगड नाही. चौघांनाही सारखा बाधणारा दोष आहे, आणि चौघांना सामाईक अशा गोष्टी दोनच : मिश्रण आणि ठिणगी.

ठिणगीकडे मी आधी पाहिलं, कारण ते सोपं होतं. डेल्कोचे (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचे) पॉइंट नवे आहेत, गॅप बरोबर आहे. शाफ्टला हाताने हलवून पाहिलं, खेळ नाही. कंडेन्सर बदलून पाहिला, फरक पडला नाही. पण टायमिंग लाइट लावल्यावर एक गोष्ट कळली आणि ती गंभीर आहे. आपल्या मिस्त्रींनी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, १४००च्या रेसवर लावलं आहे. त्या रेसला डेल्कोतली वजनं उघडायला लागलेली असतात, म्हणजे ॲडव्हान्सचा (ठिणगी लवकर पाडण्याचा) काही भाग आधीच मिळालेला असतो. तिथे पुलीची खूण जुळवली की खऱ्या स्लोला टायमिंग मागे पडतं. मागे पडलेल्या टायमिंगवर इंजिन जास्त तापतं, ताकद कमी देतं आणि स्लोला आणखी डळमळतं. मग ते बंद पडू नये म्हणून कोणीतरी पुन्हा रेस वाढवतो. आपल्याकडे नेमकं हेच चक्र फिरत राहिलं.

टायमिंग खऱ्या स्लोला धरून मॅन्युअलप्रमाणे लावून घेतलं. फरक पडला, पण थोडाच. मग कार्ब्युरेटर.

मिक्श्चर स्क्रू आपल्यापैकी कोणी फिरवून पाहिला होता का, हा माझा साधा प्रश्न आहे. सोलेक्स कार्ब्युरेटरचा हा छोटा स्क्रू स्लोचं मिश्रण ठरवतो. निरोगी इंजिनावर तो पूर्ण आत घेतला की इंजिन गुदमरून बंद पडायला हवं. माझ्या गाडीत, आपण ठेवलेल्या रेसवर, तो पूर्ण आत घेतला तरी काही होत नाही आणि तीन फेरे बाहेर काढला तरी काही होत नाही. याचा अर्थ एवढाच की इंजिन स्लोच्या जेटवर चालतच नाही. रेस स्क्रूने बटरफ्लाय (कार्ब्युरेटरमधली हवेची झडप) इतका उघडून ठेवला आहे की त्याची कड प्रोग्रेशनच्या, म्हणजे स्लोच्या पुढच्या रेसला पेट्रोल देणाऱ्या, भोकांच्या पुढे गेली आहे आणि तिथून ओढलेल्या पेट्रोलवर गाडी कशीबशी तग धरून आहे. बंद न होणारा नळ रबर बांधून चालवावा तसा हा प्रकार आहे.

मग स्लोचं जेट का पुरत नाही? चोकचा नॉब अर्धा ओढला की हेच इंजिन गरम असतानाही सुधारतं. म्हणजे मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आहे, कुठून तरी जास्तीची हवा आत शिरते आहे. या गाडीला ना ब्रेक बूस्टर आहे, ना एसी. हवा शिरायच्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील अशा आहेत. कार्ब्युरेटर क्लीनरची बारीक फवारणी बटरफ्लायच्या स्पिंडलच्या (तो ज्यावर फिरतो त्या दांड्याच्या) टोकाशी केली, की त्याच क्षणी रेस बदलते. दुसऱ्या टोकाशीही तेच. बुडाच्या फ्लँजशी (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या सपाट तोंडाशी), एका कोपऱ्यात, तिसऱ्यांदा तेच. खात्रीसाठी स्पिंडलच्या दोन्ही टोकांना जाड ग्रीस भरलं आणि लगेच इंजिन चालू केलं. ग्रीस आत ओढलं जाईपर्यंत गाडी ९००ला शांत उभी राहिली आणि मिक्श्चर स्क्रूही कामाला लागला. ग्रीस आत गेलं, पहिले पाढे पंचावन्न.

यावर आपल्या सर्व्हिस मॅनेजरनी मला ईमेलवर दोन कारणं कळवली. पहिलं, आपण गाडी मुंबईत ट्यून केली आणि पुणे उंचावर आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, हे खरं. पण उंचीवर हवा विरळ होते आणि त्याच जेटवर मिश्रण किंचित रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होतं. माझी तक्रार उलटी, लीनची आहे. उंचीने ती कमी व्हायला हवी होती.

दुसरं कारण हल्लीच्या पेट्रोलचं. यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणून जुन्या जेटवर २० टक्के मिश्रणाचं पेट्रोल साधारण सात-आठ टक्के लीन जळतं, आणि जुनी रबरं, कॉर्कच्या गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात. पण हे कारण सांगताना आपण दोन गोष्टी विसरलात. एक तर, तेवढं लीनपण मिक्श्चर स्क्रूच्या एखाद्या फेऱ्याने किंवा एक नंबर मोठ्या जेटने भरून निघतं, आणि इथे स्क्रूला किंमतच उरलेली नाही. दुसरं, माझं काम आपण हातात घेतलंत तेव्हा हेच पेट्रोल पंपावर मिळत होतं, आणि ‘इथेनॉलला चालणारा गॅस्केट व डायफ्रॅम संच’ अशी ओळ आपल्याच बिलात आहे. मी त्या संचाचे पैसे भरले आहेत.

आता मुख्य मुद्दा. आपल्या बिलात एक ओळ अशी आहे : ‘कार्ब्युरेटर संपूर्ण ओव्हरहॉल, नवीन स्पिंडल, बुश, फ्लँज फेसिंगसह.’ ही चारही कामं मला गरजेची होती आणि मी आनंदाने त्यांचे पैसे दिले. कार्ब्युरेटर उघडण्याआधी मी आपल्याला ईमेलने कळवलं होतं, आणि आपला माणूस हजर असावा अशी विनंतीही केली होती. उत्तर आलं नाही. मग नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडून, प्रत्येक पायरीचे फोटो काढत, तो उघडून घेतला. आत जुनंच स्पिंडल आहे. त्याच्या ज्या भागावर बॉडी घासते तिथे नखाला लागेल अशी खाच पडली आहे. बुश, म्हणजे स्पिंडल ज्यांत फिरतं त्या कड्या, घातलेलेच नाहीत. बॉडीची भोकं अंडाकार झाली आहेत, आणि स्पिंडल वर-खाली हलवलं की खेळ डोळ्यांना दिसतो. फ्लँजखाली स्टीलची सरळ पट्टी धरली तर एका कोपऱ्यात ०.१५ मिलिमीटरची फीलर पात सहज जाते. तिथे फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करण्याचं काम, झालेलं नाही. कोणाच्या तरी ते लक्षात आलं असावं, कारण तिथे दोन गॅस्केट एकावर एक ठेवून मध्ये सिलिकॉन भरलं आहे. पेट्रोल लागून सिलिकॉन फुगतं आणि सुटं होतं. त्याचा एक तुकडा आम्हाला कार्ब्युरेटरच्या खालच्या तोंडाशी सापडला. तो इंजिनात गेला असता तर कोण जबाबदार होतं?

‘बाहेरच्या माणसाने उघडल्याने वॉरंटी रद्द’ असं उत्तर आपण देणार असाल, तर वर लिहिलेला ईमेल आणि त्याची तारीख आधी पाहावी. शिवाय माझी तक्रार वॉरंटीतल्या बिघाडाची नाही. पैसे घेतलेलं काम झालंच नाही, अशी आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. कार्ब्युरेटरच्या बॉडीला नीट बोअर घेऊन पितळी बुश बसवावेत, नवीन स्पिंडल घालावं, फ्लँज सपाट करून एकच योग्य गॅस्केट लावावी, आणि हे सगळं आपल्या खर्चाने व्हावं. जुनं स्पिंडल मला परत मिळावं. त्यानंतर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट इंजिन गरम की थंड या नियमाप्रमाणे पाहून, टायमिंग खऱ्या स्लोवर लावून, मग मिक्श्चर स्क्रूने आयडलिंग जुळवावं, याच क्रमाने. रेस स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावावा. हेड बोल्ट पुन्हा टॉर्क करण्याची फेरी रीबिल्डनंतर आपण करून द्यायला हवी होती. तिच्यासाठी मला कधीच बोलावलं गेलं नाही, तीही याच वेळी व्हावी. काम झाल्यावर कोणी, काय, किती मापाने केलं याचा सही केलेला कागद मला हवा. हे जमणार नसेल तर कार्ब्युरेटरच्या ओळीची पूर्ण रक्कम आणि नाना पेठेतल्या तपासणीचा खर्च परत करावा. मी काम दुसरीकडे करून घेईन, त्यात माझी काही अडचण नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही मुद्द्यांवर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. बिलाची रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने तिथे मला शुल्कही भरावं लागणार नाही, आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाई मला नाही. नव्या कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. सुनावणी पुण्यातच होईल, हे आपल्या नियोजनासाठी कळवून ठेवतो.

गाडी माझ्या घरी आहे. कार्ब्युरेटर उघडलेल्या अवस्थेत, सुट्या भागांसह खोक्यात ठेवला आहे. आपला माणूस न्यायला आला तर सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान यावं, आणि भागांची यादी करून पोच दिल्याशिवाय खोकं हलवू नये.

आपला,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे

सोबत : बिलाची प्रत, कार्ब्युरेटर उघडतानाचे फोटो, आपल्या सर्व्हिस मॅनेजरशी झालेला ईमेल व्यवहार, कॉम्प्रेशन चाचणीचे आकडे.