दुसरी जोडी

काका,

पहिल्या पाच मिनिटांतच तुम्ही मला बजावलं होतंत, "मला आदरार्थी बोलू नकोस, सरळ तू म्हण." डचमध्ये मी ते कसंबसं निभावलं. पण साठी ओलांडलेल्या माणसाला अरे-तुरे करायची सवय कराडात वाढलेल्या जिभेला नाही. हे पत्र मराठीत आहे आणि तुम्हाला यातलं एक अक्षर कळणार नाही. तेव्हा इथे तरी मला अहो-जाहो करू द्या. तुमच्यासाठी डचमध्ये चार ओळींचं कार्ड पोस्टात टाकलंय. त्यात जे मावलं नाही ते हे.

नेदरलँड्समधल्या आल्मेरे हावनच्या त्या घराची तुम्ही तपासणी केलीत, त्याला आता वर्ष झालं. तुम्ही रोज कुणाच्या ना कुणाच्या घराखाली शिरत असाल, म्हणून आठवण करून देते: १९७९ सालचं रांगेतलं घर, मागच्या दाराला तीन पायऱ्या, आणि हातात कॉफीचा कप घेऊन अवघडून उभा असलेला एक नवरा. तो माझा.

आम्ही तेव्हा ॲमस्टरडॅमशेजारच्या आम्स्टेलवेनला भाड्याने राहत होतो. तिथे आपली माणसं भरपूर, कढीपत्ता कोपऱ्यावर मिळतो, पण घरांच्या किमती बघितल्या की 'फंडा' या घरविक्रीच्या वेबसाइटचं पान तसंच बंद करावं. २०२४ साली राष्ट्रीय गृहकर्ज हमी मिळायची ती ४ लाख ३५ हजार युरोपर्यंतच्या घराला, आणि आमची उडी त्याच्याही आतली. वर इथली बँक कर्ज देणार ते फार तर घराच्या मूल्यांकनाएवढं. मूल्यांकन ३ लाख ६० हजार झालं आणि तुम्ही बोली ३ लाख ९० हजारांची लावलीत, तर मधले ३० हजार खिशातून घाला. आमच्या खिशात काय होतं, तर बाबांचा कराडजवळचा छोटा प्लॉट विकून आलेली रक्कम. प्रत्येक बोलीत आकडा थोडा वाढवला की मला त्या प्लॉटचा एकेक कोपरा जाताना दिसायचा.

त्यात माझी पस्तिशी तोंडावर आलेली. पहिलं घर घेणाऱ्याला पस्तिशीच्या आत २ टक्के हस्तांतरण कर माफ असतो. नवरा छत्तीसचा, म्हणजे त्याच्या अर्ध्या हिश्श्यावर कर लागणारच होता. माझा वाढदिवस नोव्हेंबरात. आयुष्यात पहिल्यांदा मी केकला घाबरले.

आमच्या बाजूने लढायला आम्हीच पैसे मोजून एक माकेलार, म्हणजे घरांचा दलाल, नेमला होता. नाव घेत नाही. कपडे फार छान असायचे. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर नवऱ्याला मिळायचं, तेही नवऱ्याने तोंड उघडायच्या आत. त्याचा एकच जप: अटी घालू नका. तपासणीची अट घातली की विक्रेता तुमची बोली बाजूला ठेवतो. यात तो खोटं बोलत नव्हता, हेही सांगायला हवं. सात घरं आम्ही अटी घालून हरलो, आठवं अट न घालता जिंकलो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे फुगे उडाले. "डोळे मिटून घेऊन टाका," असं सांगणाऱ्यांमध्ये आपलीच शिकली-सवरलेली मंडळी सगळ्यात पुढे.

मला मात्र रात्री झोप येईना. कारण त्या पायऱ्या.

माझे बाबा गवंडी. चाळीस वर्षं ओळंबा आणि थापी. लहानपणी त्यांच्याबरोबर कुणाचं घर बघायला गेले की लोक रंग बघायचे, फरशी बघायचे, आणि बाबा जोत्यापाशी उकिडवे बसून बोटांनी ठोकत असायचे. त्यामुळे मागच्या दाराशी गेल्यावर माझी नजर खालीच गेली. पहिली पायरी घराच्याच विटेची. दुसरी वेगळ्या विटेची, नंतर कधीतरी जोडलेली. तिसरी म्हणजे नुसती सिमेंटची लादी, अजून शेवाळंही न धरलेली. घर बांधलं तेव्हा बाग एकाच पायरीवर होती, आता ती तीन पायऱ्या खाली. मधल्या पंचेचाळीस वर्षांत खाली कोण गेलं, बाग की घर, की दोघंही? माकेलारला विचारलं तर म्हणाला, "पोल्डरमध्ये असं चालतंच," (पोल्डर म्हणजे पाणी हटवून काढलेली जमीन) आणि त्याचा दुसरा फोन वाजला.

करार गुरुवारी हातात पडला. इथे घेणाऱ्याला कायद्याने तीन दिवस मिळतात, कारण न सांगता माघार घ्यायला. मधे शनिवार-रविवार आल्यामुळे आमची मुदत सोमवारच्या रात्रीपर्यंत लांबली. शुक्रवारी दिवसभर मी तपासनिसांना फोन लावत होते. कुणी म्हणे दोन आठवड्यांनी, कुणी म्हणे वेबसाइटवर फॉर्म भरा. तुम्ही फोन उचललात तेव्हा मागे गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. माझं सगळं पुराण तुम्ही ऐकून घेतलंत आणि एकच प्रश्न विचारलात: "किती पायऱ्या म्हणालीस?"

शनिवारी सकाळी आठला तुमची व्हॅन दारात.

छत, खिडक्या, मीटरची पेटी, सगळं तुम्ही मुकाट्याने बघितलंत, त्यात फारसं काही निघालं नाही. मग दारामागचं पायपुसणं गुंडाळलंत, त्याखालची लाकडी झडप उचललीत आणि ओव्हरऑल चढवायला लागलात. मी बाजूला झाले. तुम्ही खाली जाणार, फोटो काढणार, वर येऊन मला दाखवणार, असंच मी धरून चालले होते. तुम्ही माझ्या गुडघ्यांकडे बघितलंत, एक शब्द न बोलता व्हॅनकडे गेलात आणि परत आलात ते गुडघ्याला बांधायच्या पॅडची दुसरी जोडी घेऊन.

"तुझं घर आहे. तूच बघ."

काका, सात महिन्यांत ते वाक्य कुणीही उच्चारलं नव्हतं. तोवर आम्ही नुसती एक बोली होतो. आणि ते पॅड तुम्ही नवऱ्याला नाही, मला दिलेत. का, ते मी विचारलं नाही. पायऱ्यांचं फोनवर मीच बोलले होते, एवढंच कारण असेल. मी ते उलटे बांधले, तुम्ही हसला नाहीत, बोटाने नुसतं दाखवलंत की जाड बाजू खाली. मी स्कार्फ काढून नवऱ्याच्या गळ्यात टाकला आणि तुमच्या मागोमाग त्या भोकात उतरले.

डच लोक घराखालच्या या पोकळीला 'सरपटायची जागा' म्हणतात. नाव अगदी योग्य आहे. बसताही येत नाही. डोक्यावर जमिनीची स्लॅब, कोपराखाली गार वाळू, आणि पुढे तुमच्या बुटांचे तळवे. एका ठिकाणी तुम्ही थांबलात, दिवा पायाच्या तुळईवर धरलात आणि म्हणालात, "खालून हात घाल." तुळईच्या बुडाला माती टेकलेली असायला हवी. माझा हात मनगटापर्यंत आत गेला. मला घामच फुटला. तुम्ही शांतपणे दिवा फिरवत होतात.

"घर काँक्रीटच्या खांबांवर उभं आहे. ते कुठेही जात नाही. जमीन जातेय."

तेवढ्यात माझ्याही नकळत मी बोटांच्या पेरांनी तुळई ठोकायला लागले होते. भरीव, बंद आवाज. तुम्ही विचारलंत, काय ऐकतेयस. मी म्हटलं, माझे बाबा गवंडी आहेत. "मग दिवा पण तूच धर," म्हणत तुम्ही तो माझ्या हातात दिलात.

वाळूत शिंपले होते. पांढरे, नखाएवढे. मी एक उचलून दाखवला. तुम्ही म्हणालात, हा समुद्राचा की कंत्राटदाराचा, सांगता येणार नाही. इथे ओल आवरायला घराखाली शिंपले पसरण्याचीही पद्धत आहे. मला तो समुद्राचाच वाटला. १९३२ साली धरणाची भिंत पुरी होऊन झाउडरझे हा समुद्राचा उपसागर बंद झाला, १९६८ साली हा दक्षिणेकडचा तळ कोरडा पडला आणि १९७६ च्या नोव्हेंबरात आल्मेरे हावनला पहिल्या कुटुंबांनी किल्ल्या घेतल्या. हे सगळं मी आधी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि समुद्राच्या तळाशी पोटावर पडून राहणं वेगळं. एवढी तरुण माती दबणारच, हे मला तिथे पटलं, पोल्डरमध्ये चालतंच म्हणणाऱ्या त्या माणसाच्या फोनवर नाही.

मग तुम्ही म्हणालात, "आता वास घे." उजव्या अंगाने कुबट वास येत होता. सांडपाण्याचा पाइप घराच्या बुडाला टांगलेला, आणि जिथे तो बाहेर जमिनीत शिरतो तिथे जमिनीने त्याला आपल्याबरोबर खाली ओढलेलं. सांधा दोन बोटं उघडा, खाली चिखल. तुम्ही मला त्या फटीत बोट घालायला लावलंत आणि तेव्हाच फोटो काढलात. तुमच्या अहवालात तो फोटो आहे, माझी लग्नाची अंगठी चिखलाने माखलेली. त्या अहवालात याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

वर आल्यावर मी न राहवून विचारलं, तुम्ही असता तर घेतलं असतं का? तुम्ही हात पुसत म्हणालात, "मी नाही. मला बागकामाचा कंटाळा आहे." बास. घ्या म्हणाला नाहीत, नको म्हणाला नाहीत.

परतीच्या बसमध्ये नवऱ्याच्या लक्षात आलं की पॅड माझ्या गुडघ्यांवर तसेच आहेत. समोरची बाई मघापासून तेच बघत होती. मी शरमून तुम्हाला फोन केला. "राहू देत. लागतील तुला," म्हणालात. सोमवारला अजून दोन दिवस होते. ते तुमचं उत्तर होतं की उलटं वळून यायचा कंटाळा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी किंमत विचारली नाही, खोल्या विचारल्या नाहीत. "हात लावून बघितलास?" लावला. "मग तू बघ काय ते."

पुढचं थोडक्यात. विक्रेते म्हणजे सत्तरीचं जोडपं. त्यांना तुमचा फोटो पाठवला, त्यांनाच धक्का बसला. किल्ली देण्याआधी त्यांनी पाइपचा सांधा बदलून घेतला, आता तिथे जमिनीबरोबर हलणारा लवचीक तुकडा आहे. ऑक्टोबरात नोटारीकडे सह्या झाल्या, केकच्या तीन आठवडे आधी. आमच्या माकेलारने बिल वेळेवर पाठवलं आणि सोबत पाच तारे देण्याची विनंतीही. मी अजून विचार करतेय.

सज्जनपणा म्हटलं की आपल्याकडे दानधर्म आठवतो, कुणीतरी कुणासाठी काही सोडून दिल्याची गोष्ट आठवते. तुम्ही काहीच सोडलं नाहीत, फी पूर्ण घेतलीत, आणि बरं केलंत. बाबाही मजुरीत पैसा कमी करायचे नाहीत. पण स्लॅब टाकायच्या दिवशी घरमालकाला वर बोलवून सळ्या मोजायला लावायचे, मालक नको म्हणाला तरी. "उद्या काँक्रीटखाली गेल्यावर कुणाला दिसणार?" मी तुम्हाला विचारलं होतं, दुसरी जोडी गाडीत का ठेवता? तुम्ही म्हणालात, विचारतो सगळ्यांना, बहुतेक जण म्हणतात फोटो पाठवा. तरीही ती जोडी गाडीत असते, धुतलेली, पट्टे शाबूत. मला राहून राहून आठवते ती हीच गोष्ट, तो पाइप नाही.

आमची गल्ली अशी आहे की गाड्यांना माणसाच्या चालीने जावं लागतं आणि पोरं रस्त्यातच खडूने घरं आखतात. पहिले काही दिवस शांततेने माझे कान दुखले. आता शेजारच्या आजोबांच्या सायकलचा करकर आवाज आला की कळतं, नऊ वाजले. त्यांची बाग आमच्याहून एक पायरी वर आहे, दर काही वर्षांनी वाळू भरून घेतात. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्याच माणसाला आम्हीही बोलावणार आहोत.

मागच्या रविवारी मी झडप उघडून खाली गेले. सांधा कोरडा आहे, वास नाही. तुळईखाली हात अजून मनगटापर्यंतच जातो. लेकीने हट्ट धरला म्हणून मग तिलाही उतरवलं. पॅड तिच्या अर्ध्या मांडीपर्यंत आले. ती मूठभर शिंपले घेऊन वर आली, ते आता न्हाणीघराच्या खिडकीत आहेत. नवऱ्यालाही एकदा बघायचं होतं, पण जोडी एकच, त्यामुळे तो शेवटी गेला. पॅड उलटे बांधले होते त्याने. मी बोटाने दाखवलं.