पीआरपीच्या सिरिंजमध्ये किती काय भरले, ते लिहिणे सक्तीचे करा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

गुडघ्याची झीज, टेनिस एल्बो, केस गळणे अशा तक्रारींवर पीआरपीची, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्माची (प्लेटलेट दाट केलेला रक्तातला द्रव) इंजेक्शने सर्रास दिली जातात. रुग्णाचेच रक्त सेंट्रिफ्यूज या वेगाने फिरणाऱ्या यंत्रात फिरवायचे, प्लेटलेट (रक्त गोठवणारे सूक्ष्म पेशीकण) दाट करायच्या आणि त्यालाच टोचायच्या. रक्त स्वतःचे, म्हणून नियमांचे सगळे लक्ष निर्जंतुकीकरणावर. ते हवेच. पण सिरिंजमध्ये किती काय भरले, याची नोंद अनेक ठिकाणी होतच नाही. साध्या तापाच्या गोळीवरही मिलिग्रॅम छापलेले असतात.

हिशेब करून पाहा. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. समजा एकाच्या १.६ लाख, दुसऱ्याच्या ३.८ लाख. दोघांचे २० मिली रक्त घेतले, ६० टक्के प्लेटलेट हाती आल्या आणि त्या ३ मिली प्लाझ्मात उतरवल्या. पहिल्याला १९२ कोटी प्लेटलेट मिळाल्या, दुसऱ्याला ४५६ कोटी. किट तेच, हात तोच, आणि दोघांनाही सांगितले जाते की तुमची पीआरपी 'चौपट दाट' आहे. खोटे काहीच नाही, पण डोस दुपटीहून वेगळा.

बरे, संख्या कळली म्हणजे सगळे कळले असेही नाही. पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ, ईजीएफ हे ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने, प्लेटलेटमधल्या अल्फा कणिकांत साठवलेले असतात. कुणाच्या कणिकांत कशाचा साठा किती, हे माणसागणिक बदलते. एकाच माणसाचे रक्त दोन वेगळ्या दिवशी घेतले तरी बदलते. आयजीएफ-१ हा ग्रोथ फॅक्टर तर मुख्यतः यकृतात तयार होऊन प्लाझ्मात फिरतो आणि वयाबरोबर घटतो. प्लेटलेट पाचपट केल्या म्हणून तो पाचपट होत नाही. जाहिरातींत मात्र तोही त्याच रांगेत उभा असतो.

फरक वाढतो तो नळीपाशी. पहिल्या फिरकीनंतर तळाला लाल पेशी, वर पिवळा प्लाझ्मा आणि मधे पांढुरकी पातळ साय, म्हणजे बफी कोट. मोठ्या आकाराच्या प्लेटलेट जड असतात, त्या या सायीजवळच अडकतात. सुईचे टोक सायीच्या दोन मिलिमीटर वर थांबले तर त्या मागे राहतात. सायीत घातले तर त्या येतात, पण बरोबर पांढऱ्या पेशीही येतात. त्यांच्यामुळे व्हीईजीएफ वाढू शकतो आणि दाह वाढवणारी द्रव्येही. ज्याचे हिमॅटोक्रिट (रक्तातले लाल पेशींचे प्रमाण) जास्त त्याचा प्लाझ्मा मुळातच कमी, म्हणजे हीच साय नळीत आणखी वर. सगळ्यांना एकाच खुणेपर्यंत प्लाझ्मा ओढण्याची सवय इथे फसते.

'१,५०० आरपीएमला (मिनिटाला १,५०० फेऱ्या) दहा मिनिटे' ही नोंदही अपुरी. रोटरची त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर या वेगाचा जोर सुमारे २५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट) होतो, १६ असेल तर ४०० जी. नोंद जी मध्येच हवी. रक्त बारीक सुईने रखडत ओढले तर प्लेटलेट वाटेतच सक्रिय होऊन साठा सांडतात. २१ गेजपेक्षा बारीक सुई नको. रक्त न गोठण्यासाठी एसीडी-ए वापरले तर ८.५ मिली रक्ताला १.५ मिली, नळी अर्धवट भरली की प्रमाण बिघडते.

यावर कुणी म्हणेल, मग १० लाख प्रति मायक्रोलिटर अशी किमान मर्यादा घालून टाका. कृपा करून तसे करू नका. ज्याच्या मूळ प्लेटलेट कमी, त्याच्यासाठी तो आकडा गाठायला द्रव इतका आटवतील की गाठी होतील. प्रत्येक रुग्णाचे ग्रोथ फॅक्टर मोजण्याची सक्तीही नको. ते मोजणाऱ्या एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीला काही तास लागतात, इंजेक्शन तोवर थांबत नाही.

मागणी साधी आहे. प्रत्येक वेळी मूळ रक्ताची आणि तयार पीआरपीची प्लेटलेट व पांढऱ्या पेशींची मोजणी, टोचलेले मिलिलिटर, एकूण प्लेटलेट, फिरकी जी मध्ये आणि मिनिटांत, गोठणरोधक, आणि सुरू असलेली औषधे एका कागदावर यावीत व त्याची प्रत रुग्णाला मिळावी. मोजण्याआधी नमुना हलक्या हाताने मिसळावा आणि पातळ करून मोजावा. दाट नमुन्यात काही यंत्रे चुकीचा आकडा देतात. प्लेटलेटचे काम मंदावणारी अॅस्पिरिन चालू असेल तर ते फक्त लिहावे. हृदयरोगाच्या रुग्णाला पीआरपीसाठी ती परस्पर बंद करायला सांगणे जिवावर बेतू शकते, आणि हे नियमातच लिहिलेले असावे.

२०२१ साली गुडघ्याच्या झिजेवर २८८ रुग्णांच्या चाचणीत पीआरपी सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरली नाही. त्यावर टीका झाली की त्या पीआरपीत प्लेटलेट पुरेशा दाट नव्हत्या. तिथे निदान वाद घालायला मोजणी होती. दवाखान्यांत टोचल्या जाणाऱ्या पीआरपीबद्दल हा वादही घालता येत नाही. आणि 'ग्रोथ फॅक्टर अमुक पट' असा दावा करणाऱ्या किटच्या कंपनीकडून सरासरीबरोबर सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडाही मागवा.

आपले,
रक्तपेढी व प्रयोगशाळेत काम करणारे डॉक्टर आणि तंत्रज्ञ